सुरक्षा-अद्यतन : घरगुती संगणक

संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये आढळलेला सुरक्षेचा दोष दूर करण्यासाठी निर्मात्याने पुरवलेली दुरुस्ती बसवून घेणे, म्हणजे सुरक्षा-अद्यतन. बोलण्यात त्याला सरसकट ‘अपडेट’ म्हणतात. नव्या सोयी देणारे अपडेट लांबणीवर टाकले तरी चालते. सुरक्षेचे टाकू नये.

दोष आणि दुरुस्ती : विंडोजसारखी कार्यप्रणाली कोट्यवधी ओळींची असते. तीत राहून गेलेल्या एखाद्या चुकीचा फायदा घेऊन परक्याला स्वतःचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवता येतो. उघडकीस आलेल्या दोषांना १९९९ पासून ‘सीव्हीई’ क्रमांक दिले जातात. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करते. भारतात तेव्हा मंगळवारची रात्र असते. दुरुस्ती बाहेर पडली, की जुन्या व नव्या फाइली ताडून दोष नेमका कुठे होता हे हल्लेखोरालाही कळते. त्यामुळे ती न बसवणाऱ्यांचा धोका त्या दिवसापासून उलट वाढतो.

वॉनाक्राय व नॉटपेट्या : विंडोजमधील फाइल-देवाणघेवाणीच्या यंत्रणेतील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. त्यानंतर दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच दोषातून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम पसरला आणि सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद झाल्या. बाधित यंत्रांत, तेव्हा दुरुस्त्या मिळत असलेल्या विंडोज ७ ची संख्या सर्वाधिक होती. म्हणजे बहुतेकांना दुरुस्ती उपलब्ध होती, त्यांनी ती घेतली नव्हती. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने तोच दोष वापरला. त्याचा फटका उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनललाही बसून तेथील कामकाज विस्कळीत झाले.

वारणा खोऱ्यातील संदर्भ : पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि तिच्या शेजारचे वारणानगर हा परिसर ग्रामीण संगणकीकरणात लवकर उतरला. केंद्र व राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणक केंद्रांनी जोडण्याची योजना होती. उसाची नोंद, वजन, खताची उचल अशी माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. पुढे संगणकांऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर तीच माहिती देण्याचा प्रयोग मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन विभागाने सात गावांत केला. संगणकांच्या देखभालीचा भार हे त्यामागील एक कारण होते. गावच्या संगणक केंद्रातील यंत्राची देखभाल संस्थेकडे असे. घरच्या संगणकाला असा वाली नसतो. अपडेटची जबाबदारी घरातील कोणीतरी नावानिशी घ्यावी लागते.

काय अद्ययावत ठेवावे : कार्यप्रणाली, ब्राउझर, कार्यालयीन व पीडीएफ वाचण्याची सॉफ्टवेअर, तसेच वायफायचा राउटर. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’ या भागात स्थिती दिसते. डाउनलोडनंतर संगणक ‘रीस्टार्ट’ केल्याशिवाय बऱ्याच दुरुस्त्या लागू होत नाहीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट वापरताना जोडणी ‘मीटर्ड’ ठेवलेली असल्यास बरेच अपडेट डाउनलोड होत नाहीत. ते अधूनमधून मुद्दाम तपासावे. अपडेट बसत असताना बटण बंद करू नये. लाईटचा भरवसा नसेल तेथे यूपीएस असावा किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी. फॉर्मॅट मारून टाकलेल्या विनापरवाना विंडोजमध्ये अपडेट अनेकदा बंद करून ठेवलेले असतात.

अँटिव्हायरस हा अपडेटला पर्याय नव्हे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास व संजय काटकर या बंधूंनी पुण्यात उभारलेल्या ‘क्विक हील’सारखे अँटिव्हायरस घातक प्रोग्राम ओळखून अडवतात, मूळ सॉफ्टवेअरमधील चूक मात्र ते सॉफ्टवेअर दुरुस्त झाल्यावरच जाते.

मुदत संपलेल्या प्रणाली : विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नियमित दुरुस्त्या बंद झाल्या. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. विंडोज ११ ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था लागते. अनेक जुनी यंत्रे तेथेच अडतात. अशा यंत्रावर लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवता येते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही तिची भारतीय आवृत्ती आहे.

मर्यादा : अपडेटही सदोष असू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. निर्मात्याला कळण्याआधीच वापरल्या गेलेल्या दोषापुढे अपडेटचा इलाज नसतो. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी. ब्राउझरमध्ये अचानक उघडणारी ‘ताबडतोब अपडेट करा’ ही सूचना पुष्कळदा फसवी असते. अपडेट सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या मेनूतूनच करावे.

शासकीय व्यवस्था : सॉफ्टवेअरमधील दोषांविषयी देशात सूचना देणारी ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून कार्यरत आहे. तिच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’त २०१७ पासून संगणक तपासण्याची साधने मोफत मिळतात. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.