त्सुगु म्हणजे डोळा भरणे

जपानीच्या एन-१ परीक्षेची तयारी करताना मी 'त्सुगु' या क्रियापदापाशी अडलो. अर्थ तीन: पाठोपाठ येणे, वारसा चालवणे, जोडणे. उच्चार एकच, पण लिहायचं चिन्ह दरवेळी वेगळं.

कारण इतिहासात आहे. जपानी बोलीत शब्द आधीपासून होता, लिपी नंतर चीनमधून आली. चिनी भाषेत या अर्थांना वेगवेगळे शब्द होते, म्हणून एकाच जपानी क्रियापदाला अनेक चिन्हं लागली. त्यातूनच 'किन्त्सुगी' म्हणजे फुटलेलं भांडं लाख आणि सोन्याच्या भुकटीनं सांधणं, 'आतोत्सुगी' म्हणजे वारस आणि 'त्सुगिकी' म्हणजे झाडाचं कलम.

कलम म्हटल्यावर मोर्शी आठवली. आमच्याकडे संत्र्याची बी लावून बाग करत नाहीत. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांचा सगळा धंदा त्यावर.

फोनवर बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे डोया भरनंच ना! खाली खुंट जंबेरीचा, वर झाड संत्र्याचं. खुंट सडला का झाड गेलं."

मग विचारलं, "आन् वारसालेबी हाच शब्द?"

मी हो म्हणालो. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मी पुण्यात कोड लिहितो. बागेला आतोत्सुगी नाही.

परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. डोळे भरायचा हंगामही हिवाळ्यातच. पेपर झाला की त्याच रात्री मोर्शीची गाडी धरणार आहे. निदान एक डोळा तरी माझ्या हातानं भरून पाहीन.