रिकिबीत अडकलेला पाय : सुरक्षित रिकिबीच्या शोधाची कथा

इ.स. ९७८. मार्च महिन्यातील एक संध्याकाळ. इंग्लंडच्या दक्षिणेस कॉर्फ येथे, सावत्र आईच्या वाड्यापाशी, कोवळ्या वयाचा राजा एडवर्ड घोडा थांबवतो. तो खाली उतरण्यापूर्वीच त्याच्या हाती पेयाचा पेला दिला जातो आणि त्याच क्षणी कोणीतरी खंजीर खुपसतो. राजा घोड्याला टाच मारतो. घोडा उधळतो, जखमी स्वार खोगिरावरून घसरतो. पण त्याचा एक पाय रिकिबीतून सुटत नाही.

समकालीन नोंद एवढेच सांगते की राजा संध्याकाळी कॉर्फच्या वेशीपाशी मारला गेला. फरफटत नेल्याची हकीकत नंतरच्या इतिवृत्तकारांची आहे, त्यांत १२व्या शतकातील माम्सबरीचा विल्यम प्रमुख. तपशील खरा असेल वा रचलेला. पण तो वाचणाऱ्या कोणालाही ‘पाय अडकला म्हणजे काय झाले’ हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. घोडा ज्या समाजाच्या रोजच्या जगण्यात होता, त्या प्रत्येक समाजाला हे मरण ठाऊक होते.

रिकीब हा आपल्या भाषेत मुरलेला शब्द मुळात अरबी ‘रिकाब’. ज्या धातूपासून तो आला, त्याचा अर्थ आरूढ होणे. घोड्यावर चढताना आधार आणि चढल्यावर तोल, ही रिकिबीची दोन कामे. तिसरे काम, वेळ आली की पाय सोडून देणे, हे नावात कोठेच नाही. तरी त्या तिसऱ्या कामासाठी माणसांनी शतकानुशतके डोके शिणवले आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत रिकीब येते ती बहुधा एका गाजलेल्या वादामुळे. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ साली असा सिद्धान्त मांडला की, रिकिबीमुळे भालाधारी घोडेस्वाराचा आघात प्रबळ झाला आणि त्यातूनच युरोपातील सरंजामशाही उभी राहिली. पुढच्याच वर्षी त्यावर कडाडून टीका झाली. एका लोखंडी कडीवर अवघी समाजरचना टांगणे अतिरेकाचेच होते. या सगळ्या वादात रिकीब म्हणजे शस्त्राचा जोडीदार. तीच स्वाराचा घात करू शकते, याची चर्चा त्यात फारशी आली नाही.

आता थोडे मागे, आपल्याच भूमीकडे. पायाला आधार देण्याचे सर्वांत जुने ज्ञात प्रयत्न भारतात दिसतात. सांची आणि मथुरा येथील शिल्पांत, तसेच लोणावळ्याजवळील भाजे लेण्यांत, स्वाराच्या पायासाठी दोरीचा वा पट्ट्याचा आधार अभ्यासकांनी ओळखला आहे. काळ साधारण इसवी सनाच्या आसपासच्या दोन शतकांचा. हा आधार मुख्यतः अंगठ्यापुरता. अनवाणी स्वार दोरीच्या लहानशा कडीत पायाचा अंगठा अडकवी.

हा आधार तोकडा होता हे खरे. मात्र एवढ्याशा कडीतून अख्खे पाऊल पलीकडे जाऊन घोटा अडकणे शक्य नव्हते. अंगठा दुखावेल, पण माणूस मैलभर फरफटणार नाही. अडचण एकच : ही युक्ती उष्ण प्रदेशापुरती. मध्य आशिया आणि उत्तर चीनच्या थंडीत अनवाणी पायाने घोडा हाकणे अशक्य. तेथे पायात बूट आले, बुटांसाठी कडी मोठी झाली आणि मोठ्या कडीबरोबर हा धोका जन्मास आला.

चीनमधील चांगशा येथे इ.स. ३०२च्या थडग्यात मातीचे घोडेस्वार सापडले. त्यांच्या खोगिराला डाव्या बाजूस एकच आखूड त्रिकोणी रिकीब आहे आणि स्वाराचा पाय तिच्यात नाहीच. ती केवळ चढण्याची पायरी. नानजिंगजवळच्या इ.स. ३२२च्या थडग्यातील घोड्यावर दोन्ही बाजूंस रिकिबी दिसतात. उत्तर येन राज्यातील फंग सूफू हा सरदार इ.स. ४१५ मध्ये वारला; त्याच्याबरोबर पुरलेली जोडी तुतीच्या लाकडाची असून तिला मुलामा दिलेल्या पितळी-काशाच्या पत्र्याने मढवले आहे. पायरीचे रूपांतर आता आसनाच्या अविभाज्य भागात झाले होते.

अरबांकडील एक नोंद मोठी बोलकी आहे. ९व्या शतकातील लेखक अल-मुबर्रद सांगतो की, पूर्वी रिकिबी लाकडाच्या असत आणि ऐन वेळी मोडत. म्हणून अल-मुहल्लब या ७व्या शतकातील सेनापतीने त्या लोखंडाच्या करविल्या. सेनापतीच्या नजरेतून हा निर्णय निर्विवाद योग्य. तलवार उगारताना पायाखालचा आधार मोडणे म्हणजे मृत्यू. पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फरफटत जाणाऱ्या माणसाला लाकूड कधीतरी दया दाखवीत असेल; लोखंड दाखवीत नाही. मजबुती आणि सुटका यांची ही ओढाताण येथपासून पुढे अखंड चालू राहते.

या ओढाताणीवरचे सर्वांत देखणे उत्तर जपानने शोधले. तेथील रिकिबीला ‘अबुमी’ म्हणतात. आरंभी तिला पुढून बंद टोपणासारखा आकार होता; पाय चवड्यापर्यंतच आत जाई. पुढे हेइआन काळात टोपणाच्या भिंती गळून पडत गेल्या, तळ मागे लांबत गेला आणि तयार झाली ‘शितानागा अबुमी’, म्हणजे लांब जिभेची रिकीब. पूर्ण तळवा मावेल अशी पट्टी, पुढून वर वळलेली, आणि बाजूने सताड उघडी.

या रचनेत पायाभोवती कडीच नाही. समुराई त्या पट्टीवर उभा राहून दौडत्या घोड्यावरून बाण सोडू शके आणि पडला तर पाय आपोआप बाजूने निसटे. नदी ओलांडताना पाणी साचू नये म्हणून काही अबुमींच्या तळाला भोकेही पाडलेली असत. रचना जड होती, ही तिची उणीव. तरीही ती १९व्या शतकापर्यंत वापरात राहिली आणि यबुसामे या अश्वारूढ धनुर्विद्येच्या सोहळ्यांत आजही दिसते. यात स्प्रिंग नाही, बिजागरी नाही, गंजून अडकेल असा एकही भाग नाही. युरोपने ज्याला ‘सुरक्षित रिकीब’ म्हणून पेटंट घेऊन विकले, त्याच्या कितीतरी शतके आधीची ही गोष्ट.

युरोपात हा प्रश्न पेटला तो मात्र स्त्रियांमुळे. नेमके सांगायचे तर स्त्रियांच्या बसण्यावर समाजाने घातलेल्या बंधनामुळे. कुलीन स्त्रीने घोड्याच्या दोन्ही अंगांस पाय टाकून बसू नये, असा संकेत होता. मध्ययुगात ती चक्क आडवी बसे आणि दोन्ही पाय एका फळीवर ठेवी. फळीत पाय अडकत नसे, पण घोडा दुसऱ्याने धरून चालवावा लागे. नंतर साइडसॅडल आले : उजवा पाय खोगिराच्या शिंगावरून वळवलेला, डावा एकुलत्या रिकिबीत.

या पद्धतीकडे मराठी स्त्रिया कसे पाहत, याचे एक दुर्मिळ वर्णन उपलब्ध आहे. ग्वाल्हेरहून पदच्युत झालेल्या बायजाबाई शिंदे १८३५ साली फतेहगड येथे छावणी करून होत्या. फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासिनी त्यांच्या भेटीस गेली. बायजाबाईंच्या परिवारातील स्त्रिया दोन्हीकडे पाय टाकून, दोन रिकिबींच्या भरवशावर सफाईने घोडे फेकीत. पार्क्सबाईंचे साइडसॅडल हा त्यांच्या दृष्टीने नवलाचा आणि थोडा थट्टेचा विषय ठरला; अशी वाकडी बसून ही बाई पडत कशी नाही, हेच कोडे. पुढे पार्क्सबाई स्वतः मराठी पद्धतीने घोड्यावर बसल्या आणि त्यांना ती बैठक मनापासून आवडली. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनात हा प्रसंग आहे.

छावणीतील त्या स्त्रियांची शंका अगदी रास्त होती. साधारण याच सुमारास, १८३०च्या आसपास, साइडसॅडलला खालच्या बाजूस दुसरे शिंग जोडले गेले. डावी मांडी त्याखाली घट्ट रोवता येऊ लागली. परिणामी स्त्रिया कुंपणे ओलांडू लागल्या, शिकारी कुत्र्यांमागे भरधाव जाऊ लागल्या. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने तर १८७०च्या दशकात इंग्लंड-आयर्लंडची शिकारमैदाने गाजवली. वेग वाढला, तशी पडण्याची भीतीही वाढली. लांब घागऱ्याचा घोळ शिंगात अडके आणि पाय रिकिबीत.

येथे यंत्रशास्त्राचा एक मुद्दा समजून घ्यावा लागतो. रिकिबीचा पट्टा खोगिराखाली एका आडव्या दांडीवर अडकवलेला असतो. ही दांडी मागील टोकास उघडी असली, तर पडलेल्या स्वाराच्या ओढीने पट्टा मागे सरकतो आणि रिकिबीसकट सुटतो. दोन्हीकडे पाय टाकणाऱ्या स्वाराला ही सोय बऱ्याचदा वाचवते. परंतु साइडसॅडलवरील स्त्री उजवीकडे पडली, तर तिचा डावा पाय खोगिरावरून आडवा, वरच्या दिशेने ओढला जातो. पट्टा मागे सरकतच नाही. साधी दांडी अशा वेळी निरुपयोगी.

मग १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पेटंटांचा पूर आला. लॅचफर्ड या लंडनच्या कारागिराची रिकीब विशेष गाजली : एका रिकिबीत बसवलेली दुसरी रिकीब. पाय विपरीत दिशेने ओढला गेला की बाहेरची उघडे आणि आतली पायासह निसटे. स्कॉट, कोप अशा नावांच्या रिकिबीही बाजारात आल्या. खोगीर बनविणाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला आणि कोणत्याही दिशेच्या ओढीने सुटणाऱ्या दांड्या बनवल्या. शिंप्यांनी पुढून पूर्ण, पण मागून उघडे असे ‘सुरक्षित’ घागरे शिवले.

या गर्दीतून निवड कशी करावी, हा त्या काळच्या घोडेस्वार स्त्रियांचा खराखुरा प्रश्न होता. ॲलिस हेज यांनी १८९३ साली साइडसॅडलवर आख्खे पुस्तक लिहिले. त्या अनुभवी होत्या. झेब्र्यावर साइडसॅडल टाकून बसण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. त्यांच्या पुस्तकात या उपकरणांची चर्चा सविस्तर येते, आणि ते योग्यच होते. कारण यांत्रिक रिकिबीत दोष होतेच. पाय उलट्या बाजूने घातला तर यंत्रणा चालत नसे. चिखल आणि गंज यांनी बिजागरी घट्ट होई. रोज न तपासलेली सुरक्षित रिकीब साध्या रिकिबीहून अधिक घातक, कारण तिच्यावर भरवसा टाकलेला असतो.

पहिल्या महायुद्धानंतर स्त्रिया सर्रास दोन्हीकडे पाय टाकून बसू लागल्या आणि या प्रश्नाचा मोठा भाग एका फटक्यात संपला. पेटंटांनी जे साधले नाही, ते संकेत मोडल्याने साधले. बायजाबाईंच्या छावणीतील उत्तर युरोपाने सुमारे नव्वद वर्षांनी स्वीकारले.

आज बाजारात दिसणारे प्रकार या जुन्या कल्पनांचेच वंशज आहेत. ‘पीकॉक’ रिकिबीची बाहेरची बाजू लोखंडाची नसतेच. तेथे जाड रबरी कडे असते. पाय ओढला गेला की रबर निसटते आणि बाजू उघडी पडते, म्हणजे अबुमीचाच न्याय. लहान मुलांसाठी ती उत्तम. वजनदार प्रौढांच्या भाराने मात्र एका बाजूने न आधारलेली तळपट्टी वाकू शकते. दुसरा प्रकार बाहेरची दांडी पुढे वाकवलेल्या रिकिबीचा. तीत हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे काही नाही. पण डावी-उजवी अदलाबदल झाली तर वाक आतल्या बाजूस जातो आणि सगळा हेतूच फसतो. स्प्रिंगच्या वा चुंबकाच्या आधुनिक रिकिबी म्हणजे लॅचफर्डची नातवंडे. त्यांची निगाही तशीच काटेकोर राखावी लागते.

पुढून जाळी वा चामड्याचे टोपण बसवलेल्या रिकिबी पाय पलीकडे जाऊच देत नाहीत. मेक्सिकोच्या गुराख्यांचे ‘तापादेरो’ याच कुळातले. नवशिक्यांसाठी आणि लांबच्या रपेटीसाठी हा प्रकार सर्वांत समंजस, असे म्हणावे लागेल.

रिकीब कोणतीही असो, तिचे माप चुकले तर बाकी सारे व्यर्थ. बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा ती साधारण अडीच सेंटिमीटर रुंद हवी. अरुंद असेल तर पाऊल पाचरीसारखे बसते. फार रुंद असेल तर टाचेसकट आरपार जाते. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या रिकिबीत पाय घालू देणे, ही त्यातली सर्वांत धोक्याची आणि सर्वांत सर्रास दिसणारी चूक. बुटाला लहानशी टाच असावी, तीही याचसाठी : पाऊल पुढे घसरू लागले की ती तळपट्टीला अडते. माथेरानला हौसेने घोड्यावर बसणाऱ्या बहुतेकांच्या पायांत सपाट तळाचे स्पोर्ट शू नाहीतर चपला असतात.

आणि ती जुनी दांडी? इंग्रजी पद्धतीच्या अनेक खोगिरांवर तिच्या मागील टोकाला आजही एक छोटी खिटी असते. ती वर केली की पट्टा कुलूपबंद होतो, खाली ठेवली की मोकळा राहतो. जाणते मोतद्दार ती खालीच ठेवतात आणि खोगीर कसताना अंगठ्याने एकदा दाबून पाहतात.