मूकपटाचे साक्षीदार

कोणत्याहि कलेचा इतिहास लिहूं जाणारास दोन प्रकारचीं साधनें उपलब्ध असतात: लेखी कागद व जिवंत माणसें. पैकीं कागद पुढेंमागें सांपडण्याची आशा असते. माणसांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. हा भेद ओळखून झालेलें एक कार्य आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तें म्हणजे इंग्लंडांतील थेम्स टेलिव्हिजननें १९८० सालीं दाखविलेली 'हॉलिवुड' ही तेरा भागांची मालिका.

केव्हिन ब्राउनलो व डेव्हिड गिल हे तिचे कर्ते. पैकीं ब्राउनलो यांचा व्यासंग जुना. मूकपटाच्या कर्त्यांस भेटून लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९६८ सालींच प्रसिद्ध झाला होता. १९२७ सालीं बोलपटाचा शिरकाव झाला आणि दोनतीन वर्षांतच मूकपट अडगळींत पडला. पुढें जे मूकपट दाखविले जात, त्यांत माणसें बाहुल्यांप्रमाणें तुरुतुरु धांवतांना पाहून लोक हंसत. दोष कलेचा नव्हता. मूकपट निरनिराळ्या वेगांनीं घेतलेले असत; ते बोलपटाच्या दर सेकंदास २४ चित्रांच्या ठरीव गतीनें फिरविल्यामुळें हें विडंबन होई. या मालिकेनें मूळची गति सांभाळली, कार्ल डेव्हिस यांजकडून संगीत करविलें, व निवेदनासाठीं जेम्स मेसन यांचा आवाज योजिला.

तथापि मालिकेचें खरें मोल मुलाखतींत आहे. ग्लोरिया स्वॉन्सन, लिलियन गिश, किंग व्हिडोर, अॅलन ड्वान इत्यादि मंडळी तींत बोलतात. व्हायोला डाना या नटीची हकीकत तर विसरतां येत नाहीं. तिचा प्रियकर, साहसी वैमानिक ऑर्मर लॉकलियर, १९२० च्या ऑगस्टांत रात्रीचें चित्रण चालू असतां विमान कोसळून मरण पावला, आणि तें तिनें डोळ्यांदेखत पाहिलें. अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर ती तें सांगते, तेव्हां पडद्यावरील साहसाची किंमत कोण देत असे, हें वेगळें समजावून सांगावें लागत नाहीं.

वृद्धांची स्मृति फसवी असते व नटमंडळींस तिखटमीठ लावण्याची संवय असते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु येथें कथनाशेजारीं प्रत्यक्ष चित्रपट ठेविलेला आहे. पडताळा पाहण्यास वाव आहे. चुकलेली साक्ष दुरुस्त होऊं शकते, न घेतलेली होऊं शकत नाहीं. ड्वान १९८१ सालीं, व्हिडोर १९८२ सालीं व स्वॉन्सन १९८३ सालीं निवर्तले. मालिका पांच वर्षें लांबती, तर यांपैकीं एकहि साक्ष मिळती ना.

आपल्याकडील हिशेब यांतूनच निघतो. दादासाहेब फाळके १९४४ सालीं वारले; पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें व मुंबईस दूरदर्शन १९७२ सालीं आलें. त्यांस कॅमेऱ्यापुढें बसवून विचारणें दूरदर्शनास शक्यच नव्हतें. परंतु फाळक्यांनंतरच्या पिढ्यांविषयीं ही सबब चालणार नाहीं. ज्यांनीं आपले चित्रपट घडविले, त्यांतील जे आज हयात आहेत, त्यांजकडे उद्यां नव्हे, आजच गेलें पाहिजे.