शिवराकाचं ताट



गेल्या श्रावणाच्या तोंडावर आमच्या गटातल्या एकीची मुलगी नोकरीच्या गावाहून वेंगुर्ल्याला घरी आली. पहिल्याच जेवणाला तिने सांगून टाकलं, "आई, मी आता मासे खात नाही. अंडं, दूध, दही, तूपसुद्धा नाही. मी व्हेगन झालेय." आईने कपाळाला हात लावला. समुद्र दारात, वडील मच्छीमार, आणि पोरगी म्हणते मासे नकोत! ही गोष्ट आमच्या मासिक बैठकीत आली तेव्हा आम्ही आधी हसलो. मग काळजी वाटली. पोरीच्या अंगात रक्त राहील का? लग्नाचं कसं होणार? लोक काय म्हणतील?

त्या घरातली आजी मात्र शांत होती. नातीने पानावर काय काय चालेल ते सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या त्या इंग्रजी नावाचां माका काय कळणा नाय गे चेडवा, पण ह्यां जेवाण माका ठावक आसा."

आजीच्या या एका वाक्यावरून आम्ही शोध घ्यायला लागलो. म्हाताऱ्या बायांना विचारलं, पुस्तकं चाळली. हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हा शब्द कुठला ते पाहू. १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन नावाच्या शिक्षकाने आणि त्याच्या काही सोबत्यांनी एक मंडळ काढलं. शाकाहारी माणसं मांस खात नाहीत, पण दूध-अंडी खातात. दुधासाठीही जनावराला त्रास होतोच, वासराच्या तोंडचं काढून घेतलं जातं, मग तेही सोडावं, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसांना नाव काय द्यायचं? त्यांनी 'व्हेजिटेरियन' या शब्दाचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक उचललं, मधलं गाळलं आणि 'व्हेगन' शब्द तयार केला. म्हणजे शब्दाचं वय ८० वर्षांच्या आसपास. आमच्या आजीपेक्षा थोडाच मोठा.

पण बिनदुधाचं, बिनमासळीचं जेवण आपल्या किनाऱ्यावर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आपण त्याला शिवराक म्हणतो. सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण, चतुर्थी हे सगळे शिवराकाचे दिवस. आता त्या दिवसांचं जेवण आठवा. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, घावणे, कुळथाची पिठी, फणसाच्या कुयरीची भाजी, ओल्या काजूची उसळ, अळू, टायकळा, गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी. गोडाला नारळाच्या रसातले शिरवाळे, खापरोळ्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. वर सोलकढी. यात दुधाचा थेंब नाही. मोदकावर तुपाची धार घालतात तेवढीच, आणि तीही सगळ्या घरांत नव्हती.

हे असं का झालं? कारण माड. नाशिकच्या पांडवलेणीत शिलालेख आहेत. त्यात नहपान राजाचा जावई उषवदात याने नारळाची हजारो झाडं दान दिल्याची नोंद आहे. ही गोष्ट सुमारे १९०० वर्षांपूर्वीची. दान म्हणून माड द्यायचे, म्हणजे तेव्हाही माड हेच उत्पन्न होतं. रस काढायला, वाटण करायला, तेलाला, गोडाला नारळ हाताशी असताना दुधावाचून काही अडत नव्हतं.

दुसरं कारण जनावराचं. आपल्याकडची गाय लहानखुरी. धो धो पाऊस, जमीन कातळाची, चारा निकस. ती गाय शेणाला, तिचा पाडा नांगराला. दूध निघणार ते किती? त्या आजीलाच आम्ही विचारलं, लहानपणी दूध प्यायचात का? ती म्हणाली, "दूध खंय होतां आमका? वासराक पुरलां तरी देव पावलो. चाय गुळाची, काळी."

मुंबईच्या दुधासाठी आरे वसाहत १९४९ साली सुरू झाली. १९७० साली देशात दुधाचा महापूर नावाची मोठी योजना आली. गावोगावी संघ निघाले, संकरित गाई आल्या, दूध वाढलं. आपल्याकडे मात्र दूध घाट उतरून पिशवीतून आलं. रोज सकाळी दाराशी पिशवी येते ही सवय आपल्या एका-दोन पिढ्यांचीच. आज आपल्याला वाटतं की चहात दूध हे आदिकाळापासून आहे.

तसंच मिरचीचं आणि काजूचं. दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात ही झाडं आपल्या किनाऱ्यावर आणली. बटाटा, पेरू, पपई, अननस हीसुद्धा त्याच बाजूची. कोकम मात्र आपल्या सह्याद्रीचं. म्हणजे आजीचं शिवराकाचं ताटसुद्धा एका दिवसात तयार झालेलं नाही. समुद्रापलीकडून जे आलं ते बायांनी चुलीवर घेतलं, वाटणात घातलं आणि आपलं करून टाकलं. मग पोरीने एक नवा शब्द आणला तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

पण बायांनो, या ताटाला दुसरी बाजूही आहे. ती सांगितली नाही तर इतिहास अर्धा राहील.

मासळी न खाणं काही बायांवर लादलेलं होतं. मासे खाणाऱ्या कित्येक घरांत नवरा गेला की बाईच्या पानातली मासळी जायची. उच्च म्हणवणाऱ्या जातींत तर केस जायचे, एक वेळचं जेवण जायचं, आणि अंगावर लाल लुगडं यायचं. वीस वर्षांची पोर घरातल्या सगळ्यांसाठी मासे साफ करायची, तळायची, आणि स्वतः कोपऱ्यात भात-आमटी घेऊन बसायची. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. दापोलीजवळच्या समुद्रकाठच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे काय? पंगतीला न घेणं. शिक्षासुद्धा ताटावरूनच. आणि हे फार जुनं समजू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ साली.

दुसरी सक्ती गरिबीची. पावसाळ्यात होड्या बंद. आताही यांत्रिक नौकांना जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिला की मग होड्या पाण्यात जायच्या. तोवर ज्यांच्याकडे सुकी सुंगटं, सुकट साठवलेली असेल त्यांचं बरं. नसेल त्यांना पेज आणि खारातली कैरी. ती पेजही आधी पुरुषांना, मग मुलांना, आणि तळाशी राहील ती आईला. म्हणून आमच्या मनात आलं, एकच ताट, पण ते आपण होऊन वाढून घेतलं की कोणी पुढे सरकवलं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. नातीने मासे सोडले ते तिच्या मर्जीने. आजीच्या आईने सोडले तेव्हा तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आता मर्जीने सोडणाऱ्याचंही एक उदाहरण ऐका. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर असताना, दूध सोडलं. गाई-म्हशींचं दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी त्यांच्यावर केले जाणारे अत्याचार वाचून त्यांनी पुढे नेमच केला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांना आमांश झाला आणि ते मरणाच्या दारात गेले. मुंबईत डॉक्टर दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर सावरणार नाही. गांधीजी म्हणाले, माझा नेम आहे. खाटेशी कस्तुरबा उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, नेम गाई-म्हशीच्या दुधाचा आहे ना, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते घेतलं आणि पुढे जन्मभर शेळीचं दूध घेतलं. आपण नेमाचा शब्द पाळला, पण त्यातला जीव गेला, ही बोच त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. माझं ऐकून कोणी दूध सोडलं असेल तर सर्व बाजूंनी ते मानवत असल्याशिवाय किंवा जाणत्या वैद्याने सांगितल्याशिवाय हट्ट धरू नका, असंही त्यांनी कळवळून सांगितलं आहे.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. आजी म्हणाली "ह्यां जेवाण माका ठावक आसा", ते खरं. पण त्यात एक फरक आहे. आजीचं शिवराक सोमवारचं, मंगळवारी घरात बांगडा यायचा. नातीचं शिवराक बाराही महिने. शरीराला बी-१२ नावाचं जीवनसत्त्व लागतं. ते मासे, अंडी, दूध, मांस यांतून मिळतं. भाजीपाल्यातून, डाळीतून भरवशाचं मिळत नाही. शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं १९४८ साली, म्हणजे व्हेगन मंडळ निघाल्यानंतर चार वर्षांनी. ते कमी पडलं तर रक्त कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं. म्हणून दूधही सोडणाऱ्याने बी-१२ ची गोळी घ्यायची असते. व्हेगन मंडळंही हेच सांगतात. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मूल यांच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सोडू नये.

बाकीचं आपल्या कणगीत आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. तीळ, शेवग्याचा पाला, काळे वाटाणे, शेंगदाणे आहेतच. मात्र नारळाचा रस दिसायला दुधासारखा असला तरी त्यात दुधाएवढी प्रथिनं आणि कॅल्शियम नाही. सोलकढी प्यालो म्हणजे दूध प्यालो असं समजू नये. आणि नातीची काळजी करताना आपणही आपल्याकडे पाहावं. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यात मासे खाणाऱ्या, दूध पिणाऱ्या बायाही आहेत. ताटात काय आहे याच्या जोडीला बाईच्या वाट्याला किती उरतं, हेही मोजायला हवं.

एक गोष्ट आम्ही त्या मुलीलाही सांगितली. ती शहरात काजूचं दूध विकत घेते. प्राण्याला त्रास नाही म्हणून घेते, चांगलं आहे. पण काजूच्या टरफलात झोंबणारं तेल असतं, त्याने कातडी जळते. काजू फोडायला, सोलायला बसतात त्या बहुतेक बायाच. हाताला राख, तेल चोळून त्या बसतात. जिवाला त्रास नको म्हणायचं तर त्या बाईचे हातही त्यात धरायला हवेत. हे ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर काजू सोलायला बसली. मोजे घातल्याशिवाय कोणी बसायचं नाही हा नियम गटात तेव्हापासून झाला, तो तिच्यामुळे.

तिच्या आईचं म्हणाल तर ती अजून बाजारात मासे विकते. त्यावरच तर पोरगी शिकली. मुलगी ते विसरलेली नाही. ती आईला टोपली उचलू लागते, आणि आई तिच्या पिठीची कढई वेगळी ठेवते. दोघींनी एकमेकींना पापी ठरवलेलं नाही. आम्हाला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत तुम्हीही एक करा. तुमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवा आणि विचारा, तुझ्या लहानपणी पानात काय असायचं, आणि तुझ्या आईच्या पानात काय उरायचं? ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा.

आणि तुमच्या घरी एखादी मुलगी उद्या म्हणाली, मी हे खाणार नाही, तर आधी तिला विचारा, का गं? तिचं ऐकून घ्या, मग बी-१२ च्या गोळीची आठवण करा आणि जेवायला बसा. सगळ्या एकदम, एकाच पंगतीला.