संशोधन विदा व्यवस्थापन

संशोधन विदा व्यवस्थापन म्हणजे संशोधनाच्या ओघात गोळा झालेली वा निर्माण झालेली विदा, म्हणजेच डेटा, नोंदवणे, तिची वर्गवारी करणे, ती जतन करणे आणि योग्य अटींवर इतरांना उपलब्ध करून देणे या कामांची पद्धतशीर व्यवस्था होय. विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधन संस्था यांच्या कामकाजाचा हा भाग एकविसाव्या शतकात स्वतंत्र विद्याशाखेच्या स्वरूपात पुढे आला. संशोधनाच्या निष्कर्षांची पडताळणी करता यावी, सार्वजनिक पैशातून मिळालेल्या माहितीचा पुन्हा उपयोग व्हावा आणि पुढील पिढ्यांना काळानुसार झालेला बदल मोजता यावा, हे तिचे मुख्य हेतू आहेत. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके जमीन, पाणी व शेती यांच्या सुमारे दोनशे वर्षांच्या नोंदींमुळे या विषयाच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण ठरतात.

व्याप्ती

संशोधन विदेत प्रयोगशाळेतील मोजमापे, क्षेत्रपाहणीच्या वह्या, प्रश्नावल्या, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, उपग्रहचित्रे, संवेदकांच्या नोंदी व संगणकीय आज्ञावली यांचा समावेश होतो. प्रसिद्ध झालेला शोधनिबंध हा या विदेचा सारांश असतो. तो मूळ विदेची जागा घेऊ शकत नाही. निबंधात दिलेल्या सरासरीवरून मूळ नोंदी पुन्हा उभ्या करता येत नाहीत.

मूळ विदा तपासणे का आवश्यक आहे, हे अर्थशास्त्रातील एका प्रसिद्ध प्रकरणातून दिसते. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडलेल्या निबंधानुसार, ज्या देशांचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक असते, त्यांचा सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्का होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेतील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने लेखकांकडून मूळ तक्ता मिळवून तपासला असता सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी वगळल्या गेल्याचे आढळले. हर्नडन व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ही चूक व अन्य त्रुटी दूर करून केलेल्या गणनेत हाच दर २.२ टक्के आला. तक्ता मागितला आणि तो मिळाला, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली.

विदा हरवण्याचे प्रमाणही मोठे आहे. टिमथी वाइन्स व सहकाऱ्यांनी दोन ते बावीस वर्षे जुन्या ५१६ जीवशास्त्रीय निबंधांच्या लेखकांकडे मूळ विदा मागितली. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर प्रत्येक वर्षागणिक विदा अस्तित्वात असण्याची संभाव्यता-गुणोत्तराने मोजलेली शक्यता १७ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. बंद पडलेले ईमेल पत्ते आणि कालबाह्य साठवण-साधने ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

पूर्वपीठिका : इंदापूर व नीरा खोरे

इंदापूरची जमीन पाहणी

विद्यापीठीय संशोधनाच्या कितीतरी आधी, महसुलासाठी झालेल्या पाहण्यांत विदेच्या गुणवत्तेचा प्रश्न उपस्थित झाला होता. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे परिसरात जमिनीची पाहणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीतील एकूण उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढावे व त्याचे ५५ टक्के सारा म्हणून घ्यावेत, अशी ही पद्धत होती. गणित नेटके असले तरी त्यासाठीचे आकडे कनिष्ठ कर्मचाऱ्यांमार्फत गोळा झाले होते आणि त्यांची पुरेशी तपासणी झालेली नव्हती. मोजणीत चुका राहिल्या, प्रतवारीत लाचलुचपत शिरली. सारा न परवडल्याने शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या व शेते पडीक राहिली.

ही स्थिती पाहून १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी सुरू केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला आणि प्रत्यक्ष पाहता व मोजता येतील अशा गोष्टींवर भर दिला. शेताला क्रमांक देणे, हद्दीच्या खुणा उभारणे, गावाचा नकाशा तयार करणे आणि मातीचा रंग, पोत व खोली पाहून प्रत ठरवणे ही या पद्धतीची अंगे होती. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झालेल्या प्रतवारीत जमिनीचे सापेक्ष मूल्य सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ वर्गांत मांडले गेले. चुनखडी, वाळू, उतार यांसारख्या दोषांसाठी ठरावीक चिन्हे होती व दोषांनुसार प्रत खाली येई. त्यामुळे एका कर्मचाऱ्याची नोंद दुसऱ्याला वाचून शेतावर जाऊन ताडून पाहता येई.

इंदापुरातील नवे दर तीस वर्षांसाठी निश्चित झाले. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये फेरपाहणीची सुरुवातही इंदापुरातूनच झाली. या फेरपाहणीत सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले, तेव्हा वाढीव सारा हा कारणांच्या चौकशीतील वादाचा एक मुद्दा होता. याच अहवालांचा व आकड्यांचा उपयोग पुढे रवींद्र कुमार, नील चार्ल्सवर्थ, सुमित गुहा आदी इतिहासकारांनी केला. करआकारणीसाठी जमवलेली विदा शतकभराने इतिहासलेखनाचे साधन झाली. ती मुद्रित अहवालांत व दप्तरांत जतन झाली होती, म्हणूनच हे घडू शकले.

नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात या भागात आले. पाण्याबरोबर ऊस आला आणि निचरा नसलेल्या ठिकाणी जमिनी खारवटही होऊ लागल्या. हॅरल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यामार्फत नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील पुस्तिका प्रसिद्ध केली. अशा जुन्या अभ्यासाशी आजची मोजमापे ताडून पाहायची, तर नमुना कोणत्या शेतातून, किती खोलीवरून, कोणत्या ऋतूत घेतला आणि क्षार कोणत्या पद्धतीने मोजले, हे कळावे लागते. हे तपशील नसतील, तर जमीन सुधारली की बिघडली, हे आकडे हाती असूनही सांगता येत नाही.

व्यवस्थापनाचे टप्पे

आराखडा : संशोधन सुरू होण्यापूर्वीच कोणती विदा जमवली जाईल, ती कोठे व किती काळ ठेवली जाईल, तिची जबाबदारी कोणाची आणि ती कोणत्या अटींवर खुली होईल, हे लिहून ठेवले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने जानेवारी २०११ पासून अनुदानाच्या प्रत्येक अर्जासोबत असा आराखडा सक्तीचा केला.

संकलन व नोंद : स्तंभांची नावे, एकके व संक्षेप यांचे स्पष्टीकरण देणारी संज्ञासूची विदेसोबत ठेवली जाते. मूळ नोंदी न बदलता दुरुस्त्या वेगळ्या प्रतीत केल्या जातात.

साठवण : तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा प्रचलित नियम आहे. एका संशोधकाच्या एकाच संगणकावर असलेली विदा सुरक्षित मानली जात नाही.

जतन : विदा एखाद्या भांडारात जमा केली जाते. युरोपातील सर्न या प्रयोगशाळेत चालणारे झेनोडो हे २०१३ पासूनचे भांडार कोणत्याही विषयाच्या संशोधकांना खुले आहे. भांडार प्रत्येक संचाला डीओआय हा कायमस्वरूपी ओळख क्रमांक देते. त्यामुळे पुस्तकाप्रमाणे विदेचाही संदर्भ देता येतो व जमवणाऱ्याला श्रेय मिळते.

अधिविदा

विदेविषयीच्या माहितीला अधिविदा म्हणतात. विदा कोणी, केव्हा, कोठे व कशी जमवली, हे अधिविदेवरून कळते. स्थळाची नोंद नुसत्या गावाच्या नावाने केल्यास गोंधळ होतो. पुणे जिल्ह्यातील इंदापूरप्रमाणेच रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातही इंदापूर आहे; माळेगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत आणि बारामती तालुक्यातच माळेगाव बुद्रुक व माळेगाव खुर्द अशी दोन आहेत. म्हणून गावाच्या नावासोबत तालुका, जिल्हा, जनगणनेतील गाव संकेतांक आणि शक्य तेथे अक्षांश-रेखांश देणे इष्ट ठरते. एकर, गुंठा व हेक्टर यांपैकी कोणते एकक वापरले, हेही स्पष्ट करावे लागते.

मराठी विदेची एक विशेष अडचण टंकांची आहे. युनिकोडपूर्व काळात निरनिराळ्या टंकांत टंकलिखित केलेल्या प्रश्नावल्या व मुलाखती तो टंक उपलब्ध नसल्यास निरर्थक अक्षरांच्या ओळी होऊन बसतात. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून तो साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन करणे हाच खात्रीचा उपाय आहे.

फेअर तत्त्वे

मार्क विल्किन्सन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेली फेअर तत्त्वे या क्षेत्रात प्रमाण मानली जातात. विदा शोधता यावी, मिळवता यावी, इतर विदेशी जोडता यावी आणि पुन्हा वापरता यावी, अशी ही चार तत्त्वे आहेत. फेअर विदा ही खुलीच असली पाहिजे असे नाही. रुग्णांच्या नोंदी बंदिस्त राहूनही त्या अस्तित्वात आहेत आणि कोणत्या परवानगीने मिळतात, हे जाहीर असू शकते.

भारतातील धोरणे

भारत सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय विदा सामायिकीकरण व सुलभता धोरण जाहीर केले. सार्वजनिक निधीतून निर्माण झालेली, संवेदनशील नसलेली विदा नागरिकांना उपलब्ध व्हावी, हे त्याचे सूत्र आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये मुक्त प्रवेश धोरण स्वीकारले व पुढे संशोधन विदेसाठी ‘कृषी’ हे संकेतस्थळ उभारले. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी २०१४ मध्ये संयुक्त मुक्त प्रवेश धोरण आणले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या भांडारात जमा होऊ लागले. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी कृषिकोश हे भांडार आहे. मात्र प्रबंध जमा होणे आणि त्यामागील विदा जमा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधाच्या परिशिष्टात छापलेला तक्ता वाचता येतो, पण त्यावर थेट गणन करता येत नाही.

बारामती व इंदापूर परिसरातील संशोधन

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, क्षारता यांसारख्या ताणांचा पिके, पशुधन व मत्स्यव्यवसाय यांवरील परिणाम हा तिचा अभ्यासविषय आहे. दुष्काळ दरवर्षी सारखा नसल्याने एका हंगामाची नोंद अपुरी ठरते. अशा संशोधनाचे मूल्य दीर्घकालीन, अखंड मालिकेत असते.

१९७१ मध्ये स्थापन झालेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे कृषी विज्ञान केंद्र बारामतीत १९९२ पासून आहे. या ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्यात मातीतील संवेदक, हवामान केंद्र व उपग्रहचित्रे यांच्या विदेवरून पाणी व खते यांविषयी सल्ला दिला जातो.

इंदापूर तालुक्यात भिगवण परिसरातील उजनी धरणाचा फुगवटा रोहित व अन्य पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे येणारे पक्षीनिरीक्षक ई-बर्ड या मंचावर नोंदी करतात. या नोंदी संशोधकांना विनामूल्य उपलब्ध होतात. मात्र शिकारीचा वा त्रासाचा धोका असलेल्या निवडक प्रजातींची नेमकी ठिकाणे लपवली जातात.

गोपनीयता व मालकी

व्यक्तींविषयीची विदा देताना नाव वगळणे पुरेसे नसते. लहान गावात वय, जात, जमीनधारणा व व्यवसाय एवढ्यावरूनही व्यक्ती ओळखता येते. म्हणून वयोगट देणे, गावाऐवजी तालुका नोंदवणे असे उपाय योजले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत माहितीपूर्ण संमतीवर भर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी अटींसह सवलत असली, तरी अशा विदेवरून त्या व्यक्तीविषयी निर्णय घेता येत नाही.

शेतावरील विदेच्या बाबतीत मालकीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मातीचा कस, पाण्याचा वापर व अपेक्षित उतारा यांची माहिती संशोधकाला उपयोगी असते, तशीच ती कर्ज, विमा वा खरेदीदर ठरवणाऱ्यालाही उपयोगी असते. शेतकऱ्याने कशासाठी संमती दिली, ती मागे घेता येते का आणि निष्कर्ष त्याला त्याच्या भाषेत मिळतात का, या बाबी लेखी करारात असणे आवश्यक मानले जाते. इंदापूरच्या पाहणीत शेताची प्रत ठरवण्यात शेतकऱ्याचा शब्द अंतिम नव्हता, परंतु त्या प्रतीवर ठरलेला सारा त्यालाच भरावा लागे. विदा ज्याच्याविषयी आहे त्याला ती पाहण्याचा व तिच्यातील चूक दाखवून देण्याचा अधिकार असावा, हे तत्त्व म्हणूनच आधुनिक विदा व्यवस्थापनात महत्त्वाचे मानले जाते.