फर्मान ते पत्रोत्तर

17 सप्टेंबर 1948 च्या संध्याकाळी हैदराबाद संस्थानचे निजाम मीर उस्मान अली खान हैदराबादच्या रेडिओ केंद्रावर गेले आणि शरणागतीचं निवेदन त्यांनी स्वतः वाचलं. भारत सरकारचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांनी त्यांना त्यासाठी राजी केलं होतं. संस्थानचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने त्याच दिवशी राजीनामा दिला होता. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यातल्या रेडिओच्या इतिहासात या भाषणाइतकं परिणामकारक बोलणं दुसरं नाही. तरीही त्यात बोलणारा एकच होता आणि बाकी सारा मुलूख ऐकणारा होता. मला हा सगळा इतिहास याच, ऐकणाऱ्यांच्या बाजूने पाहावासा वाटतो. रेडिओ आला कधी, संच किती होते, लहरी कुठवर पोचत होत्या, हे प्रश्न आहेतच. पण नांदेडजवळच्या अर्धापूरसारख्या गावाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. दिवसभर आकाशवाणीवरून जे बोललं जात होतं, त्यात या गावाला बोलायची जागा कधी मिळाली?

निजामाच्या राजवटीत रेडिओ नव्हता असं मुळीच नाही. हैदराबादेत खासगी हौसेतून सुरू झालेलं केंद्र सरकारने 1935 मध्ये ताब्यात घेतलं आणि ते डेक्कन रेडिओ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. उर्दू ही दरबारची भाषा असली तरी तेलुगू, कन्नड आणि मराठीलाही त्यात वेळ होता. औरंगाबादलाही छोटं केंद्र निघालं. म्हणजे पुण्याला केंद्र व्हायच्या कितीतरी आधी मराठवाड्याच्या भूमीवरून मराठी प्रक्षेपण होत होतं, आणि ही गोष्ट मराठी नभोवाणीच्या इतिहासात फार क्वचित सांगितली जाते. 1 एप्रिल 1950 ला ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओकडे आली. 1953 मध्ये पुणे केंद्र सुरू झालं, औरंगाबादचं मात्र पन्नाशीच्या दशकात बंद पडलं. स्वातंत्र्यानंतर जिथे आवाज वाढायला हवा होता, तिथे तो थांबला.

या खंडाची किंमत काय होती, हे 1956 च्या पुण्याच्या प्रयोगावरून कळतं. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतकऱ्यांसाठी वीस कार्यक्रम केले. पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा गावकरी जमत, अर्धा तास ऐकत, मग आपसात बोलत, आणि त्यांचे प्रश्न पुणे केंद्राकडे जात. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. जिथे मंडळ होतं तिथे लोकांच्या माहितीत भरघोस भर पडली होती. जिथे नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हतं, तिथे फारच थोडी. निरक्षर माणसंही चर्चेत मागे राहिली नव्हती. त्या पाच जिल्ह्यांत मराठवाड्यातला एकही नाही, कारण मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956 ला, म्हणजे प्रयोग आटोपल्यावर सहा महिन्यांनी.

यावर कोणी म्हणेल की लहरींना राज्याची हद्द कळत नाही, रात्री मुंबई-पुणे मराठवाड्यातही लागायचं, मग वंचित राहिलं कोण? हा आक्षेप वजनदार आहे. अर्धापूरहून पुणे सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांपलीकडे, हैदराबाद त्याहून बरंच जवळ. जवळचं केंद्र मुख्यतः तेलुगू-उर्दू बोलत होतं आणि मराठी केंद्र दूर होतं. तरीही ऐकू येत होतं, असं धरून चालू. पण काय ऐकू येत होतं? पुण्याच्या ग्रामीण कार्यक्रमांमागे व्यंकटेश माडगूळकरांसारखा खेड्याची भाषा रक्तात असलेला लेखक होता, आणि ती भाषा माणदेशाची होती. तिचं मोल मोठंच आहे. मात्र गोदाकाठच्या काळ्या रानातली कपाशी, ज्वारी, नांदेडच्या मोंढ्यातला भाव, इथला पाऊस, इथली आडत, यांना त्या बोलण्यात आपली जागा नव्हती. न्यूराथ यांच्या पाहणीचा अर्थच असा की ऐकू येणं आणि उपयोगी पडणं यांच्यामध्ये प्रश्न विचारण्याची सोय असावी लागते.

ती सोय 1968 मध्ये परभणी केंद्र सुरू झालं तेव्हा आली. अर्धापूरपासून परभणी साठ-पासष्ट किलोमीटर. मराठवाडा कृषी विद्यापीठ तिथे 1972 मध्ये निघालं, म्हणजे रेडिओ विद्यापीठाच्याही आधी आला. मग दिवसाचा क्रम बसला. सकाळी चिंतन, बातम्या, शेतीविषयक सल्ला, साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या, दुपारी महिलांसाठी, संध्याकाळी खेड्यातल्या श्रोत्यांसाठी, रात्री भाषण, मुलाखत, श्रुतिका. एकच केंद्र असल्याने शेतकऱ्यासाठीचं बाईच्या कानावर पडायचं, बायकांसाठीचं घरात पडून असलेल्या म्हाताऱ्याच्या. ज्याच्यासाठी नाही ते ऐकण्याची ही सवय मला फार मोलाची वाटते. पुढे ज्याच्या त्याच्या आवडीच्या वाहिन्या आल्या आणि ती मोडली. या दिवसाच्या क्रमातच पत्रोत्तरं होती. गावातून पोस्टकार्ड जायचं आणि नाव-गाव हवेतून परत यायचं. केळी आणि हळद पिकवणाऱ्या अर्धापूरला आपल्या पिकाबद्दल आपल्याच विभागातल्या तज्ज्ञाला विचारता येऊ लागलं.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. आकाशवाणी सरकारची होती. आणीबाणीत तिने सरकारचीच री ओढली. भाषणाची संहिता आधी दाखवावी लागे. मग याला संवाद कसा म्हणायचं? बातम्यांपुरता हा आरोप मी पूर्ण मान्य करतो. वर्गीस समितीने 1978 मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली, प्रसार भारतीचा कायदा 1990 मध्ये झाला आणि अमलात यायला 1997 उजाडलं. ही दिरंगाई कशानेही झाकता येत नाही. पण दिवसभरातलं बहुतेक बोलणं बातम्यांचं नव्हतं. कपाशीवरच्या बोंडअळीला, बाळंतिणीच्या आहाराला किंवा गावकीच्या तंट्यावरच्या श्रुतिकेला सरकारी बाजू असून असून किती असणार? जिथे सत्तेचा हात सैल होता तिथे प्राध्यापक, शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या बायका माइकसमोर बसल्या. नव्वदच्या दशकात नांदेडला स्वतंत्र केंद्र झालं आणि अर्धापूरच्या माणसाला स्टुडिओ तालुक्याच्या बाजाराइतका जवळ आला.

या सगळ्या बोलण्याचं फार थोडं उरलं आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुण्याचा प्रयोग आज सांगता येतो, कारण त्याचा अहवाल युनेस्कोने छापला. रोजच्या कार्यक्रमांच्या टेप मात्र पुसून पुन्हा वापरायची रीत होती, आणि भाषणांच्या संहिता वक्त्यांच्या घरी राहिल्या. निजामाचं ते निवेदन कागदोपत्री सापडतं. परभणीहून कपाशीवर बोललेल्या शेतकऱ्याचं बोलणं सापडत नाही. ते गोळा करायचं तर वक्त्यांच्या जुन्या करारपत्रांपासून, घराघरांतल्या ट्रंकांतल्या हस्तलिखितांपासून सुरुवात करावी लागेल, आणि जी पिढी तेव्हा बोलली ती आता सत्तरीच्या पुढे आहे.