स. का. पाटलांसमोर उभं कोण राहणार? दक्षिण मुंबई, 1967

आधीच सांगतो, आज ज्या निवडणुकीबद्दल बोलणार आहे तिच्यात अँटॉप हिल नव्हतं. तो मतदारसंघ शहराच्या दक्षिण टोकाचा, फोर्टचा आणि बाजारपेठांचा. पण तिथला उमेदवार ज्यांच्या जिवावर निवडून आला ते लोक इकडचेही होते. वडाळा डेपो इथून जवळच आहे, तो ध्यानात ठेवा.

स. का. पाटील म्हणजे मुंबईचे अनभिषिक्त राजे. कोकणातले, आजच्या सिंधुदुर्गातले. तीनदा महापौर, बरीच वर्षं मुंबई प्रदेश काँग्रेसचे सर्वेसर्वा, 1952पासून लागोपाठ तीनदा खासदार, आणि 1967ला केंद्रात रेल्वेमंत्री. पक्षासाठी पैसा उभा करावा तर पाटलांनीच, अशी ख्याती. महाराष्ट्राला मुंबई द्यायला त्यांचा कडवा विरोध होता. 1955मधलं त्यांचं चौपाटीवरचं भाषण आपल्या वडीलधाऱ्यांना मरेपर्यंत आठवत होतं.

आता इथे एक गंमत आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. हा माणूस मराठी माणसाच्या रागाने पडला, असं आपण धरून चालतो. पण राग सगळ्यात तापलेला होता तो 1957ला. त्या वर्षी समितीने काँग्रेसला मुंबईत घाम फोडला, मध्य मुंबईतून डांगे प्रचंड मतांनी आले. आणि पाटील? पाटील निवडून आले! 1962ला पुन्हा आले. कारण त्यांच्या मतदारसंघात गुजराती-मारवाडी व्यापारी होते, इतर भाषिक होते, आणि मुंबई वेगळी राहावी असं वाटणारेही पुष्कळ होते. भाषेच्या मुद्द्यावर तिथे पाटलांना हात लावता येत नव्हता.

म्हणजे विरोधकांपुढे प्रश्न होता तो उमेदवाराचा. हरण्यासाठी उभं राहणारे खूप मिळतात. राममनोहर लोहिया 1962ला फुलपूरला खुद्द नेहरूंविरुद्ध उभे राहिले, हरणार हे माहीत असून. खडक फुटला नाही तरी तडा जाईल, हा त्यांचा हिशेब. त्यांच्याच संयुक्त समाजवादी पक्षाने 1967ला पाटलांसमोर जो माणूस दिला, तो मात्र तडा पाडण्यासाठी दिलेला नव्हता.

जॉर्ज फर्नांडिस तेव्हा 36 वर्षांचे. मंगळूरचे. पाद्री व्हायला गेले, मन उडालं, 1949ला मुंबईत आले, चौपाटीवर झोपले. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली तयार झाले. मग टॅक्सीवाले, बेस्टचे कंडक्टर-ड्रायव्हर, महापालिकेचे कामगार. 1961पासून नगरसेवक. कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी, कानडी, ज्याच्याशी जी चालेल ती भाषा. ‘मराठी विरुद्ध अमराठी’ असा सामना लावायचा म्हटला तरी या माणसासमोर लागत नव्हता.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. निवडणुकीआधी पक्षाला उमेदवारासाठी यंत्रणा उभारावी लागते. इथे उमेदवारच यंत्रणा घेऊन आला. कंडक्टरचं मत वडाळ्यात का असेना, त्याचे पाय काळबादेवीत चालू शकत होते! टॅक्सीवाला तर दिवसभर त्याच मतदारसंघातून फिरायचा. पाटलांकडे पैसा होता, जॉर्जकडे माणसं होती.

सांगतात की पत्रकारांनी या उमेदवाराबद्दल विचारलं तेव्हा पाटलांनी हा फर्नांडिस कोण असं विचारलं, आणि मला देवही हरवू शकणार नाही असंही म्हणाले. जॉर्जच्या लोकांनी ते वाक्य उचललं आणि भिंतीभिंतीवर लावलं : देव हरवू शकत नसेल, तुम्ही हरवू शकता. प्रचार म्हणून हे झकासच. पण ‘तुम्ही’ हा शब्द लागू पडला, कारण लोक आधीच वैतागलेले होते. दोन वर्षं दुष्काळाची, रेशनच्या रांगा, जून 1966मध्ये रुपयाचं अवमूल्यन. काळबादेवीच्या दुकानदारालाही महागाई कळत होतीच की.

जॉर्जना 48 टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली, आणि पाटील पडले. त्याच निवडणुकीत तमिळनाडूत कामराज एका विद्यार्थी नेत्याकडून हरले, बंगालमध्ये अतुल्य घोष हरले. काँग्रेसचं ‘सिंडिकेट’ म्हणत ते हेच, तिघेही एकदम घरी. पक्षात इंदिराबाईंना मोकळं मैदान मिळालं त्यात या पराभवांचा वाटा मोठा आहे. त्यांना पाडणाऱ्या विरोधकांना मात्र हे अभिप्रेत नव्हतं.

पाटील पुढे 1969च्या पोटनिवडणुकीत लोकसभेत परतले, पण कुठून? गुजरातेतल्या बनासकांठामधून. आणि ‘जायंट किलर’ जॉर्ज 1971ला याच दक्षिण मुंबईत हरले. युनियन तीच, टॅक्सीवाले तेच, पण समोर आता इंदिरा लाट होती. नंतर 1977ला ते तुरुंगात असताना जिंकले ते बिहारच्या मुझफ्फरपूरमधून. मुंबईतून पुन्हा कधी नाही. 1989ला ते रेल्वेमंत्री झाले, म्हणजे पाटलांच्याच खुर्चीवर बसले, आणि त्यांच्याच काळात कोकण रेल्वेचं महामंडळ उभं राहिलं. ती गाडी आज पाटलांच्या सिंधुदुर्गातून जाते.